भिंतीतला म्हातारा

आमच्या शेजारचे सर बोरीच्या शाळेत भूगोल शिकवतात आणि संध्याकाळी घरी आले की कॉम्प्युटरवर गेम खेळतात. मुळात टीव्हीला जोडून खेळायचे हे गेम कुणीतरी घाईघाईत कॉम्प्युटरमध्ये कोंबलेले असतात. पडद्यावर 'त्रिकोण दाबा' असं येतं. ते बटण टीव्हीच्या गेमच्या रिमोटवर असतं, कीबोर्डवर त्रिकोण कुठून असणार? सर शांतपणे एकेक बटण दाबून बघतात. घोडा गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतून पळतो. सर म्हणतात, "काळी माती हाय, रुतणारच."

एका गेममध्ये एक म्हातारा कमरेपर्यंत भिंतीत अडकला होता. त्याच्याकडून किल्ली घेतल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं, आणि भिंतीमुळं त्याला ती देता येत नव्हती. तरी सर रोज त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे. "बरं हाय ना बाबा?" असं विचारायचे. मला हसू आलं की म्हणायचे, "तुमी हसायलाव, पण माणूस लय हालात हाय तिथं."

गेल्या महिन्यात कंपनीनं तो गेम दुरुस्त केला. सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हातारा भिंतीतून मोकळा झाला होता. तो हळूहळू चालत जवळ आला, त्यानं कमरेला हात घातला आणि किल्लीऐवजी सुरा काढून सरांच्या हिरोला जागेवर आडवा केला.

मला वाटलं, आता सर चिडणार. ते खुर्चीत मागं रेलले आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून बायकोला म्हणाले, "अगं, चहा टाक. म्हातारा सुटला."