अर्धा ठिपका आणि शोभाताई

शोभाताई गावंडे यांची माझी पहिली भेट रायपूरला, तेलीबांध्याच्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत, माझ्या मुलाखतीला झाली. वाचणाऱ्यानं वेबपान कुठवर सरकवलं हे स्क्रिप्टला कसं कळतं, असं त्यांनी विचारलं. मी हिंदीत धडाधड उत्तर दिलं: वर सरकून गेलेला भाग आणि पडद्यावर दिसणारा भाग यांची बेरीज पानाच्या पूर्ण उंचीइतकी झाली, की माणूस तळाशी पोचला. "बेरीज बरोबर तेवढीच येते, हे मोजून पाहिलं काय?" ताईंनी मराठीत पुसलं. मी म्हणालो, त्यात मोजायचं काय! तरी त्यांनी मला घेतलं. काहून घेतलं, ते आजही कळलेलं नाही.

ताईंचा एक नेम होता. कोणतंही पान लोकांपुढे जाण्याआधी ते पंडरीच्या कापडबाजारात जायचं. तिथल्या ओळखीच्या एखाद्या दुकानदाराच्या घासलेल्या फोनवर ते उघडायचं आणि त्याला वाचू द्यायचं. ऑफिसातले फोन लाडावलेले असतात, असं त्या म्हणत. आम्ही पाठीमागे हसायचो.

एका सरकारी विभागाचं, अंगणवाडी सेविकांच्या भरतीचं पान माझ्याकडे आलं तेव्हा ताई आठवडाभर नव्या रायपुरात बैठकांना होत्या. नियम तळापर्यंत वाचल्याशिवाय अर्जाचं बटण उघडू नये, अशी अट होती. मी मुलाखतीतली तीच बेरीज लिहिली, माझ्याच फोनवर पाहिली आणि पंडरीला गेलोच नाही.

बटण उघडत नाही, असे फोन येऊ लागले. "नीचे तक पढ़िए," एवढं सांगून मी ते ठेवत गेलो. शेवटच्या दिवशी फुलेश्वरीबाई नावाची एक बाई गावाहून बस बदलत थेट ऑफिसात आली. संध्याकाळी पाचला अर्ज बंद होणार होते आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच संधी होती. मी तिलाही तेच ऐकवत होतो, तेवढ्यात ताई दारात आल्या.

त्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही. बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि शेजारी बसून अख्खे नियम त्यांच्यासोबत मोठ्यानं वाचले. बाई बोटानं पान सरकवत, हो या अर्थी, "हव" म्हणत होत्या. तळ आला, पण बटण करडंच राहिलं. माझ्याकडे न पाहता ताई म्हणाल्या, "बाई खोटं नाही बोलून राहिल्या. तुझं पान खोटं बोलून राहिलं."

मग फोन जोडून त्यांनी आकडे दाखवले. बाईंनी अक्षरं मोठी करून ठेवली होती, त्यामुळे सरकण्याचं माप अपूर्णांकात येत होतं. बेरीज पडद्यावरच्या अर्ध्या ठिपक्यानं कमी पडत होती. अर्धा ठिपका! डोळ्याला दिसतही नाही तो, आणि त्याच्यापायी एका बाईची नोकरी अडली होती. त्यांनी माझी बरोबरीची अट खोडली आणि एका ठिपक्याइतकं अंतर उरलं तरी तळ धरावा, असं लिहिलं. बटण निळं झालं. बाईंनी अर्ज भरला आणि ताईंचे हात धरून रडल्या.

"आता ज्याले ज्याले तू परत पाठवलं, त्याले फोन कर," ताई मला म्हणाल्या. पाच वाजेपर्यंत मी फोन करत होतो, माफी मागत होतो. विभागानं जाब विचारला तेव्हा "तपासणी माझी होती," एवढंच ताईंनी सांगितलं. माझी नोकरी त्या एका वाक्यावर टिकली. तेव्हापासून पंडरीला मी जातो.

ताई, आज तुम्ही साठ वर्षांच्या झालात. काम संपलं, असं ऑफिसचा निवृत्तीचा कागद म्हणतो. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि कागदाचं म्हणाल, तर तळ आला असं मी आता कुणाच्या सांगण्यावरून मानत नाही. मी मोजून पाहिलं, ताई. अजून पुष्कळ बाकी आहे.