घास उतरत नाही

आमच्या संशोधनाचं काम सांगायला सोपं होतं. माणसाने आपली तक्रार मराठीत बोलायची, यंत्राने ती समजून घेऊन खात्रीची माहिती दाखवायची आणि इस्पितळात कुठल्या विभागात जायचं तेही सांगायचं. चाचणीसाठी लालबागमधल्या एका वाचनालयाची मागची खोली मिळाली होती. लोक काय बोलले आणि यंत्राला त्यातलं काय कळलं, हे ताडून बघणं माझ्याकडे. पोटात कालवतं, अंग मोडून आलंय, जीव वर-खाली होतो. दिवसभर परक्यांची दुखणी वाचायची आणि संध्याकाळी शिवाजी पार्कामागच्या घरी जाऊन टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांशी एकटीनेच भांडायचं, असा माझा दिनक्रम. आई गेल्यापासून त्या घरात माझ्याशिवाय कोणी बोलत नव्हतं. मला एकटं राहायला आवडतं, असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि कोणी फारसं खोदून विचारतही नसे.

एक दिवस एक मावशी आल्या. सत्तरीच्या, मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता. महिन्यापूर्वी त्यांनी यंत्राला सांगितलं होतं, घास उतरत नाही. यंत्राने ताबडतोब त्यांना कान-नाक-घशाकडे पाठवलं होतं आणि खाली अन्ननलिकेच्या आजारांची भलीमोठी माहिती लावली होती. मावशींनी ती शेजारच्या मुलीकडून वाचून घेतली. त्यात कॅन्सर हा शब्द होता. तेव्हापासून त्या चहा-बिस्किटांवर होत्या. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. डॉक्टरांना घशात वरवर काही दिसलं नव्हतं, म्हणून त्यांनी दुर्बिणीची तपासणी लिहून दिली होती. तिला जायची मावशींची तयारी नव्हती.

"नळी घालतले आणि सांगतले, झाला तुमचा," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा ह्या मशीनीकच इचार, माका काय झालाहा?"

मशीनला विचारून काही उपयोग नव्हता, तेव्हा मीच विचारलं. पाणी जातं का? जातं. पेज? ती पण जाते. भाकरी, मासे? अडकतात का कुठे?

"अडकत नाय गो. सगळा जाता."

"मग उतरत नाही म्हणजे काय, मावशी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हिला एवढं साधं मराठी कळत नाही का. "एकटीक नाय उतरत," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू कळलं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीतून त्या नव्या टॉवरमध्ये आल्या होत्या. घर मोठं, संडास घरातच, लिफ्ट. मुलगा-सून कल्याणपलीकडे. चाळीत दारं उघडी असत, कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे जात, जेवताना कोणीतरी उंबऱ्यात टेकलेलं असे. इथे त्याच शेजारणी वेगवेगळ्या मजल्यांवर गेल्या होत्या आणि प्रत्येक दार आतून बंद. "दार उघडा ठेवलंय तर वॉचमन सांगूक येता, आजी, बंद करा," त्या म्हणाल्या. पान वाढून घेतलं की समोर भिंत.

मला स्वतःचाच राग आला. 'घास उतरत नाही' हे मराठीत दुःखात म्हणतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. यंत्राला शिकवताना मात्र मी ते सरळ गिळण्याच्या त्रासात टाकलं होतं. शब्दांना शब्द जुळत होते, त्यामुळे कोणाला खटकलंही नाही.

टीममधल्या सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, लोनलीनेस आपल्या स्कोपमध्ये नाही ना. ड्रॉप करूया हे वाक्य."

"आणि मावशींचं काय करूया? त्यांनाही ड्रॉप करूया?"

तो हसला; मी नाही हसले. मानसोपचाराकडे वळवलं तर मावशी 'माका काय येड लागलाहा?' म्हणून पुन्हा इथे पाऊल टाकणार नाहीत, हेही मला दिसत होतं. आठवडाभर वाद घालून मी एवढंच पदरात पाडून घेतलं, की असं कोणी बोललं तर यंत्राने उत्तर देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. गिळताना अडकतं का? आणि जेवता कोणाबरोबर?

मावशींना मी समजावलं, की तपासणी टाळू नका, पण मला सांगितलंत ते डॉक्टरांनाही सांगा. त्या कचरत गेल्या. नळीत काही निघालं नाही. हे सांगायला त्या वाचनालयात आल्या, तेव्हा नवीन प्रश्न चालतात का हे बघायला मी त्यांना माइकसमोर बसवलं. यंत्राने बाईच्या त्या सपाट आवाजात विचारलं, "तुम्ही कोणाबरोबर जेवता?"

मावशींनी पडद्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गो? तू कोणाबरोबर जेवतंस?"

आईनंतर हे मला कोणीच विचारलं नव्हतं. पाण्याच्या तांब्याला लॅपटॉप टेकवून मी जेवत असे, हे काही सांगण्यासारखं नव्हतं. "एकटीच," मी म्हटलं.

"मग रविवारी ये. बांगड्याचा तिखला करतंय."

गेले. मावशींनी जमिनीवर दोन पानं मांडली, मला बळेबळे भात वाढला आणि बोलता बोलता स्वतःही दोन बांगडे संपवले. आपण किती जेवलो याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. माझं होतं. मला फार बरं वाटलं. आमच्या यंत्राला जमलं नसतं ते मला जमलं, अशा ऐटीत मी घरी परतले.

सोमवारी नेहमीप्रमाणे आमटी-भात वाढून घेतला, लॅपटॉप उघडला, बंद केला. समोरचा भात निवत गेला आणि मी त्याच्याकडे बघत बसले. एकटीने जेवायची सवय लावून घ्यायला मला कित्येक वर्षं लागली होती. ती मावशींनी एका दुपारी मोडून टाकली.