लाल थेंबांच्या पेशीबाई

पेशीबाई अंगाने चांगल्याच भारी होत्या आणि अंगात चरबी कशी धरते, हे शोधणं हेच त्यांचं काम होतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या औषध कंपनीत यावरून विनोद चालत. बाईंना ते ठाऊक होते. कँटीनमध्ये दुसरा वडा उचलताना त्या स्वतःच म्हणायच्या, "कच्चा माल भरतेय."

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. मी त्यांच्या हाताखाली होतो. काचेच्या बशीत आम्ही उंदराच्या कोवळ्या पेशी वाढवायचो. काही दिवसांत त्या चरबीने भरून गोल होत. मग लाल रंग घातला की चरबीचे थेंब तेवढे रंगत. पेशीत एक प्रथिन असतं. त्याने हुकूम सोडला की ती चरबी साठवू लागते. बाई त्याला मुकादम म्हणत. हळदीतल्या, आवळ्यातल्या अँटिऑक्सिडंटनी हा मुकादम गप्प बसतो का, ते आम्ही पाहत होतो.

एकदा हळदीच्या अर्काच्या बशीत लाल थेंब दिसेनात. मी आनंदाने बशी बाईंकडे नेली. सूक्ष्मदर्शकातून पाहून त्यांनी विचारलं, "थेंब नाहीत हे पाहिलंस. पेशी आहेत का, ते पाहिलंस?" अर्क जास्त पडला होता, पेशी मेल्या होत्या. "घर ओस पडलं म्हणजे माणसं बारीक झाली असं नव्हे रे," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे कमी अर्कात पेशी जगल्या आणि लालीही उतरली, तेव्हा बाईंनी सगळ्यांना पेढे दिले.

मी मात्र पेढ्यांच्या आधीच डोंबिवलीला घरी सांगून बसलो होतो की औषध सापडलं. वजनावरून माझ्या बहिणीला, नंदाला, दोन स्थळांनी नकार दिला होता. माझ्याच सांगण्यावरून आईने तिचा भात बंद केला होता. नंदा रोज औषधाचं विचारायची. शेवटी मी बाईंकडे अर्काची बाटली मागितली. त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. रविवारी घरी येते म्हणाल्या.

आल्या, पोहे मागून घेतले. नंदाने थेट औषधाचं विचारलं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघून विचारतेस? असतं तर आधी मीच नसतं घेतलं?" कित्येक महिन्यांनी नंदा हसली. मग बाईंनी तिला नीट समजावलं. बशीतल्या पेशीला भूक लागत नाही, ती कुणाच्या लग्नात जेवत नाही. तिथे जमलं ते माणसात जमेलच असं नाही. उपाशी राहिलीस तर चरबीबरोबर मांसही झडेल. डाळ, उसळ, अंडं पोटभर खा आणि चालत जा.

"आणि वजन कमी करायचंय कुणाला?" त्यांनी विचारलं.

नंदाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दादाला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणखी चहा मागितला. त्या दुपारी आईने नंदाच्या ताटात भात वाढला.

वर्षभरात आमचा विभाग बंद झाला आणि बाई नागपूरला भावाकडे निघाल्या. त्यांना गाडीत बसवून द्यायला नंदा कल्याणला निघाली, डिंकाचे लाडू घेऊन. मी चप्पल घालू लागलो.

"दादा, तू नको येऊस," ती म्हणाली. "आम्हाला बोलायचंय."