शेवटच्या पानावरची पेन्सिल

कादंबरीतल्या माणसांचं सुतक पाळणारी बाई अख्ख्या अलिबाग तालुक्यात एकच, आणि ती म्हणजे आमच्या नागावच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. वडील थळचे कोळी, आई केरळची नर्स. त्यामुळे बाई पुस्तकं मोजायच्या मल्याळममध्ये आणि रागवायच्या थळच्या बोलीत. किशोरांसाठीची नवी कादंबरी आली की आधी त्या घरी नेणार, आणि तिच्यात दोन जातींच्या, प्रांतांच्या, धर्मांच्या आईबापांचं पोर सापडलं की त्याचं पुढे काय झालं ते शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिणार. 'मेली.' 'परदेशी पाठवला.' 'डोळे घारे, बाकी काही नाही.' एकदा नववीतली एक मुलगी मोठ्या हौसेने पुस्तक घेऊन टेबलाशी आली, तर बाई कडाडल्या, "ने, पण ती शेवटी बुडते हां! कोळ्याची पोर, आणि तिला पवता येत न्हाय? या लेखकाने दर्या बघितला हाय का कधी?" मुलगी पुस्तक तिथेच टाकून पळाली.

मी एकदा मूर्खासारखं म्हणालो, "बाई, तुमची तर मजाच! दोन्हीकडचे सण."

"मजा कसली? नारळी पौर्णिमेला काकी म्हणते, ही आईच्या वळणाची. ओणमला मामी म्हणते, ही कोळीण. मी आपली दोन्ही दिवशी घरी वरणभात लावते." बाई हसत होत्या.

मी स्वतः किशोरांसाठी लिहितो. म्हटलं, बाईंना हवी तशी एक तरी मुलगी आपण लिहू. लिहिली. मारली नाही, परदेशी पाठवली नाही, उलट शेवटी दोन्हीकडचे नातेवाईक एका पंगतीला बसवले. शाबासकीच्या आशेने हस्तलिखित नेऊन दिलं. बाईंनी शेवटचं पान दोनदा वाचलं.

"वाढतंय कोण?"

"तीच की. नायिका."

"मग ती जेवायला बसली कधी?"

मी पानं उलटसुलट केली. बसलीच नव्हती हो! सगळ्यांना आग्रह करकरून वाढत उभी होती बिचारी.

घरी येऊन ते पान सुधारताना माझी मलाच लाज वाटली. बारा वर्षं या बाईंकडून पुस्तकं नेतोय, पण जेवायला म्हणून एकदा बोलावलं नव्हतं. रविवारी बोलावलं. आल्या, पण बसतील तर शपथ! भात संपत आला की उठल्या, पाणी हवं दिसलं की उठल्या. शेवटी बायकोने खांद्याला धरून बसवलं, "अहो, बसा की निवांत!" मग मात्र बाई खाली मान घालून सावकाश जेवल्या. सोलकढी दोनदा मागून घेतली.

पुस्तक छापून आलं आणि महिन्याभरात बाई निवृत्त झाल्या. "आईच्या गावी राहून बघते," म्हणाल्या आणि गेल्या. परवा वाचनालयातली माझ्या पुस्तकाची प्रत सहज उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बसली. उशिरा का होईना.'

तिकडे त्यांना कुणी बसा म्हणतं की नाही, कोण जाणे.