पिकअपवाल्याच्या वाट्याचा प्रसाद

देवीनं माझं ऐकलं की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. ऐकलं म्हणावं, तर आई घरात नाही. नाही ऐकलं म्हणावं, तर त्या दिवशी होडी पलीकडे गेली होती. झालं ते जसंच्या तसं सांगतो.

आमचं मूळ गाव धरणाखाली गेलं. माणसं रहाटणी, पिंपळे सौदागर, जिथं जागा मिळाली तिथं पांगली. देवी मात्र आपल्या टेकडीवरच राहिली आणि टेकडीच्या चहूबाजूंनी पाणी झालं. आता तिथं जायचं तर गावकीच्या होडीनं. आईच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. डॉक्टर ऑपरेशन लवकर उरका म्हणत होते आणि आईचा एकच हेका, "देवीला खण-नारळ दिल्याबिगर मी दवाखान्याची पायरी चढायची न्हाई."

मी महाळुंग्याकडे इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यामुळे भावकीला वाटतं, हा मोठा मेकॅनिक. प्रत्यक्षात इतकी वर्षं मी लाइनवर एकाच जागी उभा आहे. पिस्टनला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आवळायचे, इंजिन एकदा हातानं फिरवून कुठं अडत नाही ना ते बघायचं आणि पुढं ढकलायचं. चालू झालेलं इंजिन माझ्या वाट्याला कधी येतच नाही.

मंगळवारी सुटी टाकून आईला काठावर नेलं, तर होडी चालवणारा दत्तूदादा डोक्याला हात लावून बसलेला. होडीला जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलंय. स्टार्टर मारला की ते अर्धा फेरा घ्यायचं आणि खट्‌कन थांबायचं. "तूच बघ बाबा, तू इंजिनाच्या कंपनीतला," दादा म्हणाला. काय बघणार, कपाळ? मी ठोकून दिलं, बॅटरी उतरलीय. आई दगडावर धापा टाकत बसली होती आणि मी मनातल्या मनात देवीशी भांडत होतो. तुझ्या दारात यायचं तर एवढे हाल का? एक दणकट बॅटरी दे, बाकी काही मागत नाही.

तेवढ्यात एक पिकअप काठावर थांबली. ड्रायव्हर कॅनमध्ये पाणी भरायला उतरला. बॅटरीला जोडायच्या वायरी त्याच्या सीटमागे लोंबत होत्या, मला दिसत होत्या. मी आईकडे बोट दाखवून अक्षरशः हात जोडले. तो म्हणाला, "माझी बॅटरी काय धर्मादाय हाय व्हय राव? चालत न्हाई तर होडी ठेवता कशाला?" आणि धूळ उडवत निघून गेला. मी त्याला घातलेल्या शिव्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. देवीलाही दोन शब्द सुनावले.

राग कुठंतरी काढायचा म्हणून पाना घेतला, पुलीच्या बोल्टला लावला आणि इंजिन हातानं फिरवायला लागलो. पुढं गेलं, अडलं. मागं घेतलं तर सहज आलं. पुन्हा पुढं, पुन्हा तिथंच अडलं. आता पाय रोवून दणका देणार, तोच आई म्हणाली, "आरं, नगं जोर लावू. काय अडलंय ते बघ आधी."

हात थांबला. उतरलेली बॅटरी माझा पाना अडवणार नाही, हे मला तेव्हा उमगलं. आतच काहीतरी होतं. सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेले चारही हीटर प्लग खोलले, हळूच फिरवलं, आणि तिसऱ्या भोकातून पाण्याची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. होडीची मागची बाजू पाण्यात कलून बसली होती आणि एक्झॉस्टच्या नळीतून पाणी थेट सिलिंडरमध्ये चढलं होतं. हवेसारखं पाणी काही दाबलं जात नाही. त्या पिकअपच्या बॅटरीच्या जोरावर स्टार्टर मारला असता, तर रॉड वाकून इंजिन कायमचं बसलं असतं.

पाणी काढलं, ऑइल बदललं, प्लग बसवले. मी उतरलीय म्हटलेल्या त्याच बॅटरीवर इंजिन चालू झालं.

आईनं खण-नारळ दिला. परतताना खोबऱ्याची वाटी आणि खडीसाखर वेगळ्या फडक्यात बांधून तिनं माझ्याकडे दिली. "ह्यो त्या गाडीवाल्याचा वाटा. त्यानं न्हाई म्हणलं म्हणून झालं." मी देवीवरच्या रागानं माझ्या वाट्याचा प्रसादही खाल्ला नव्हता.

आई ऑपरेशनला हसत गेली आणि परत आली नाही. मला खुपतं ते हे, की इंजिन चालू झालं नसतं तर ती ऑपरेशनला तयारच झाली नसती. धापा टाकत का होईना, थोडे दिवस घरात असती. माझ्या हाताला यश दिलंस ते यासाठी? कित्येक दिवस मी घरात देवाला दिवा लावला नाही.

शेवटी ते फडकं पाण्यात भिरकावून द्यायला म्हणून काठावर गेलो, तर तीच पिकअप उभी. मी फडकं त्याच्या पुढ्यात धरलं. तो बघतच राहिला. "कोन तुमी? कशाचा परसाद?" त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं.

"माझ्या आईनं तुमच्यासाठी ठेवला होता," मी म्हणालो.

त्यानं चपला काढल्या, दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. "आई बऱ्या हायेत का?"

"गेली."

त्यानं फडकं सोडलं. वाटी फोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. खोबरं खवट झालं होतं. मी ते खाल्लं आणि त्याच्यासमोरच रडलो.

माझा राग गेलाय असं नाही, खोटं कशाला बोलू? ज्या पिकअपवाल्याच्या तोंडून मला अडवलं गेलं त्याला त्याचा पत्ता नव्हता, आणि माझ्या हातून काय झालं, का झालं, हे मलाही कधी कळायचं नाही. देवीकडे आता मी बॅटरी मागत नाही. सुटी मिळेल त्या मंगळवारी होडीत बसतो. दत्तूदादा स्टार्टर मारण्याआधी मी पाना लावून इंजिन एकदा हातानं फिरवून बघतो, आणि मग काही न मागता पलीकडे जातो.