ओळंब्याची भिंत आणि माझं सातवं कलम

गावातली सगळ्यात देखणी भिंत माझ्यामुळे पुसली गेली. मी ब्रशला हातसुद्धा लावला नव्हता. घरी खुर्चीत बसून एक वाक्य लिहिलं, एवढाच माझा गुन्हा.

झालं असं, की नगरपालिकेने सार्वजनिक कला धोरण करायचं ठरवलं. पुतळा कुठे बसवायचा, भिंत कोणी रंगवायची, कोणाला विचारून, वगैरे. समितीवर मला घेतलं, कारण मी चार ओळी बऱ्या लिहितो अशी गावात अफवा आहे. मसुद्यातलं सातवं कलम माझं लाडकं होतं : 'अर्धवट राहिलेली चित्रे पुसून भिंत स्वच्छ करावी.' बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं. जिला गटाराचं एक झाकण बसवायला दोन वर्षं लागतात, त्या नगरपालिकेने धोरण मंजूर व्हायच्या आधीच, मसुदा पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, बस स्थानकाची भिंत चुना मारून पांढरी केली.

त्या भिंतीवर बसची वाट पाहणारी साठ माणसं रंगवलेली होती. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. खरे प्रवासी त्यांच्याकडे बघून धीर धरत. ती माणसं बावीस वर्षं उभी होती, आपला तर तासच झालाय! फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा गिलावा कोरा होता. आमच्या इंजिनिअरांनी तो पाहिला, वहीत 'अर्धवट' असं लिहिलं आणि साठही माणसांची बस चुकली.

चित्र काढलं होतं ओळंब्याने. गावात पेंटर एकच, आणि त्याला हे नाव गवंड्यांनी ठेवलेलं. अंगाने तसाच, भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात तसा सरळ लोंबणारा. आणि वाकडं दिसलं की सांगितल्याशिवाय राहायचा नाही. नव्या घराच्या वास्तूला बोलावलेला माणूस "घर छान आहे" म्हणतो. हा उंबऱ्यावरच म्हणायचा, "चौकट अर्धा इंच डावीकडे गेलीय." त्यामुळे त्याला जेवायला कोणी दुसऱ्यांदा बोलावत नसे. चाळीस वर्षांत त्याने गावातल्या प्रत्येक दुकानाची पाटी रंगवली आणि जवळजवळ प्रत्येक दुकानदाराशी भांडण केलं.

आता त्याने रंगवलेली शाळेची भिंत तेवढी उरली होती. तिथेही तसाच कोरा चौकोन, आणि शुक्रवारी चुना ठरलेला. चित्र पूर्ण असल्याचा अर्ज पेंटरने दिला तर ते टळणार होतं. अर्ज मीच लिहिला आणि बुधवारी सकाळी त्याच्या घरी गेलो.

जिन्याच्या तोंडाशी तो डबे धूत बसला होता. टर्पेंटाइनचा वास डोळ्यांत जात होता.

"या, लेखकसाहेब. अजून काय पुसायचं राहिलंय? घर?"

"पेंटर, चूक झाली. फक्त इथे सही करा."

"काय लिहिलंय?"

"की शाळेचं चित्र पूर्ण आहे."

"तुमची आई तुमचीच आहे, हे तुम्ही कुठे लिहून दिलंय?"

आतून वहिनी आल्या. पेंटरची बायको म्हणजे गोड माणूस, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी तो गोडवा सुट्टीवर होता.

"स्थानकाच्या भिंतीवर गाठोडं घेऊन बसलेली बाई पाहिली होतीत कधी?"

"हो, म्हणजे..."

"माझी आई होती ती. तिचा एक फोटो नाही आमच्याकडे. बाजाराला जाताना मी वाट वाकडी करून जायचे."

पेंटर डबा घासत म्हणाला, "सासू होती, तरी चांगली काढली होती."

माझ्या अर्जाने त्याने ब्रश पुसला आणि तो मला परत दिला. अर्ज. ब्रश नाही.

गुरुवारी समितीची बैठक होती. मी माझंच कलम मागे घ्या म्हणून हात जोडत होतो, इंजिनिअर "नियम म्हणजे नियम" म्हणत होते. तेवढ्यात दारात ओळंबा. वहिनींनी मागून ढकलला असावा, कारण वहिनी मागेच उभ्या होत्या.

"बसा ना," नगराध्यक्षा म्हणाल्या.

"बसायला नाही आलो."

"कोरी जागा सोडायची म्हणजे आळस," इंजिनिअर म्हणाले, "नाहीतर मग दुसरं काय?"

पेंटर सरळ बैठकीच्या खोलीच्या भिंतीजवळ गेला आणि ती डॉक्टरासारखी बोटांनी वाजवत बोलू लागला. "ऑइलपेंट चढवला की आतली ओल दिसत नाही. भिंत आतून सडते, वरून चकाकते. म्हणून एवढी जागा उघडी ठेवायची. दरवर्षी तिथे हात लावून बघतो. ओल लागली तर आधी ती काढतो, मग रंग. बावीस वर्षं टिकली ती भिंत काय नवसाने?" मग बोट थांबलं. "ही कोणी रंगवून घेतली?"

"मी. मागच्याच महिन्यात," इंजिनिअर अभिमानाने म्हणाले.

पेंटरने अंगठा दाबला. ताटाएवढा पोपडा सुटला आणि थेट त्यांच्या फायलीवर पडला. मागचा गिलावा ओला काळा होता. नगराध्यक्षांनी स्वतः उठून त्यावर हात ठेवला, मग पदराला पुसला आणि लाल पेनने सातवं कलम आडवं कापलं. शाळेला चुना लागणार नाही, असं तिथेच लिहून घेतलं. इंजिनिअर फाइल झटकू लागले. पेंटरने जाता जाता त्यांना खिडकीची चौकटही वाकडी असल्याचं सांगितलं.

मी जिन्यावरून धावत त्याला गाठलं. वहिनी पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबल्या होत्या.

"पेंटर, शाळा वाचली. आता स्थानकाची भिंत पुन्हा रंगवा ना. निदान वहिनींसाठी, ती गाठोडेवाली एकटी तरी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, वाकड्या बांधकामाकडे बघतात तसं.

"चुना तुम्ही मारलाय, आधी तुम्ही खरवडा."