खाऊन नाही राह्यली

मी मराठीची शिक्षिका व्हायला निघाले होते आणि मला मराठी कळत नव्हती, हे मला जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या बाजूच्या एका गावात कळलं.

आम्ही मॉरिशसचे. आमच्या घरात पणजोबा मराठी बोलत, आजोबांना ती समजत असे, आणि बाबांपर्यंत येता येता घरात फक्त तिथली क्रेओल बोली उरली. माझ्या वाट्याला मराठी आली ती शाळेच्या पुस्तकातून आणि गणपतीच्या आरत्यांतून. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि वर्षभर शिकायला मी भारतात आले. पहिलं सत्र शहरात गेलं, तिथे माझ्या शुद्ध मराठीचं सगळ्यांनी कौतुक केलं. दुसरं सत्र खेड्यातल्या कुटुंबात राहून करायचं होतं. तास जळगाव जामोदच्या कॉलेजात, आणि राहायला एसटीने अर्ध्या तासावर, भाजीची शेती करणाऱ्या एका काका-काकूंच्या घरी. त्यांची दोन्ही मुलं नोकरीसाठी बाहेर होती. एक खोली रिकामी होती, ती मला मिळाली.

डिसेंबरची सकाळ होती. काका मला फाट्यावरून मोटारसायकलवर घेऊन आले. मी ओसरीत बॅग ठेवते तोच मागून आवाज आला, "बस पोरी, मी पानी आनतो." मला वाटलं घरात आणखी एखादा पुरुष आहे. वळून पाहिलं तर तांब्या घेऊन काकू उभ्या! इथल्या बायका 'आणते' न म्हणता 'आणतो' म्हणतात हे आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

त्याहून गोंधळ घातला तो 'मले' आणि 'तुले' यांनी. क्रेओलमध्ये 'मो ले' म्हणजे मला हवंय, आणि 'तो ले' म्हणजे तुला हवंय. त्यामुळे काकू "मले वावरात जा लागते" म्हणाल्या की माझा मेंदू आधी 'काकूंना काय हवंय?' असं विचारायचा आणि मग धावत मराठीकडे यायचा. तोवर काकूंचं पुढचं वाक्य सुटून गेलेलं असायचं. मी हसून मान हलवत असे. मान हलवण्याने किती गोष्टींना मी होकार दिला, देव जाणे. एकदा तर मी वांगी तोडायला येते असं कबूल केलं होतं म्हणे. काका पहाटे दारात टोपली घेऊन उभे राहिले तेव्हा मला ते समजलं.

खरी अडचण जेवणाची झाली. ज्वारीची भाकरी, भरीत, आणि शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडेही तिखट खातात, पण हे तिखट कानापर्यंत जायचं. मी अर्धी भाकरी खायची, भरपूर पाणी प्यायची, "छान झालंय" म्हणायची आणि ताट धुऊन खोलीत पळायची, डोळ्यांतलं पाणी कुणी पाहू नये म्हणून.

चौथ्या की पाचव्या दिवशी काकू अंगणात फोनवर बोलत होत्या. पलीकडे त्यांची बहीण असावी. मी आत केस विंचरत होते. काकूंचं वाक्य स्पष्ट ऐकू आलं, "पोरगी चांगली हाये वं, पन खाऊन नाही राह्यली."

मी ते पुस्तकाप्रमाणे सोडवलं. खाऊन, म्हणजे खाल्ल्यानंतर. नाही राहिली, म्हणजे थांबली नाही. म्हणजे खाल्ल्यावर मी थांबत नाही! जेवून लगेच उठून जाते, यजमानांशी दोन शब्द बोलत नाही, याचं काकूंना वाईट वाटलं होतं. मला लाजेने मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून मी जेवण झालं की रिकाम्या ताटासमोर बसून राहू लागले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काकू माझ्याकडे पाहायच्या, मी त्यांच्याकडे पाहून हसायची. त्यांना वाटायचं, हिला आणखी हवंय पण लाजते आहे. त्या भाकरी वाढायच्या. वाढलेलं टाकू नये म्हणून मी ती संपवायची आणि पुन्हा बसून राहायची. मग पुन्हा भाकरी. तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं आणि मी कॉलेजला गेले नाही. काकूंनी ताकात जिरेपूड घालून दिली. "काऊन वं? काय झालं?" त्या विचारत राहिल्या. मला काय झालं ते मलाच सांगता येत नव्हतं. या घरात मी चुकते आहे, एवढंच कळत होतं. त्या दुपारी मी बाबांना मेसेज लिहिला की मला परत यावंसं वाटतं. लिहिला, पण पाठवला नाही.

पोट बरं झाल्यावर कॉलेजला गेले. परत येताना स्टँडवर नेहमीची एसटी दिसेना. बाकावर लुगडं नेसलेली एक म्हातारी बाई मेथीच्या गड्ड्या घेऊन बसली होती. तिला मी गावाचं नाव सांगून विचारलं, "तिकडची बस गेली का?"

"नाही वं. येऊन राह्यली."

येऊन राहिली! म्हणजे आलेली आहे आणि उभी आहे. मी उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांच्या पाट्या वाचत स्टँडभर फिरले. एका ड्रायव्हरला उठवून विचारलं, तो वैतागला. शेवटच्या गाडीपाशी पोचले तोवर फाटकातून आमची बस आली, माणसं चढली आणि ती निघूनही गेली. मी मागे धावले, पण कंडक्टरचं लक्ष नव्हतं.

मी बाकाजवळ परत आले तर ती बाई तिथेच होती, तिची गाडी दुसरी होती. "अवं, तुही गाडी गेली ना! तिकडं काय पाहून राह्यली होती?"

"तुम्ही म्हणालात ती येऊन राहिली आहे," मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला असावा.

"हो मंग. येऊनच राह्यली होती. रस्त्यानं."

"रस्त्यानं? म्हणजे येत होती?"

"तेच तं सांगून राह्यली मी तुले!"

सांगून राह्यली. म्हणजे सांगत आहे. मी तिच्या शेजारी बसले आणि गेल्या आठवड्यातली वाक्यं एकेक करून पुन्हा ऐकू लागले. खाऊन नाही राह्यली. म्हणजे खात नाहीये. काकू तक्रार करत नव्हत्या, पोरगी जेवत नाही म्हणून काळजी करत होत्या.

पुढची बस तासाभराने मिळाली. काकू फाट्यावर येऊन थांबल्या होत्या. घरी पोचेपर्यंत मी त्यांना सगळं सांगून टाकलं, ठेच्यापासून रिकाम्या ताटापर्यंत. त्या रस्त्यातच पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "तिखट लागून राह्यलं होतं तं सांगा लागत होतं ना वं! मी म्हनलं, पोरीच्या पोटात भुकेचं भूत हाये!" त्या दिवसापासून माझी भाजी वेगळ्या कढईत, कमी मिरचीची होऊ लागली.

गोंधळ संपला असं मात्र नाही. संक्रांतीनंतर काकूंनी मला शेजारी हळदीकुंकवाला नेलं. तिथे सगळ्या बायकांचा एकच प्रश्न होता, "कोन्या गावची?" मॉरिशस म्हटलं की त्या विचारत, "मंग मूळ गाव कोनतं?" ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. पणजोबांचे वडील बोटीतून ऊसमळ्यात गेले, एवढंच घरात सांगतात. मी अडखळले. तेवढ्यात काकू ठामपणे म्हणाल्या, "माह्या माहेरकडची हाये. देऊळगाव राजाची."

बायकांचं समाधान झालं. एकीने लगेच विचारलं, "यंदा बालाजीच्या यात्रेले गर्दी होती काय वं?" मी देऊळगावचं ते बालाजीचं देऊळ फोटोतही पाहिलं नव्हतं. "खूप," मी म्हणाले आणि तिळाचा लाडू तोंडात कोंबला.

वाटेत मी काकूंना विचारलं, "खोटं का सांगितलंत?"

"काय खोटं हाये त्याच्यात? तुह्यावाले कोनीतरी इकडूनच गेले असतीन ना?"

"पण देऊळगावहून नसतील."

"मंग कुठून?" काकूंनी विचारलं. त्या पुढे चालत राहिल्या. मला बरं वाटत होतं आणि काहीतरी चोरल्यासारखंही वाटत होतं. कुठलं जास्त खरं, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

एप्रिलमध्ये मी मॉरिशसला परतले. आता शाळेत मराठी शिकवते. काकूंचा अधूनमधून व्हिडिओ कॉल येतो. मागच्या हळदीकुंकवाला बायकांनी माझी चौकशी केली म्हणाल्या. "मी सांगतलं, नोकरीले लागली."

"कुठे, असं विचारलं नाही?"

"इचारलं ना. मी म्हनलं, देऊळगावच्या थोडं पुढं."